‘अंमल’ झाला म्हणजे नेमके काय झाले?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या पंधरवड्यात शेतरस्त्यांविषयी एक बातमी चार स्तंभांत प्रसिद्ध झाली. तिचा मथळा होता, ‘शेतरस्त्यांच्या आदेशाचा तालुक्यात अंमल’. मथळा वाचून मी चष्मा पुसला, खुर्ची उजेडाकडे ओढली आणि बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. आदेशावर सही झाली आहे, त्याच्या प्रती मंडळ अधिकाऱ्यांकडे रवाना झाल्या आहेत आणि मोजणीच्या तारखा लवकरच कळवल्या जातील, एवढाच तिचा मजकूर होता. रस्त्यावरचे एक बाभळीचे झुडूपही अजून कोणी तोडलेले नव्हते. म्हणजे आदेश निघाला होता, पण अंमल झालेला नव्हता. तरीही मथळ्यात मात्र तो होऊन गेला होता.

मी अमळनेरला राहतो आणि आयुष्यभर माध्यमिक शाळेत मराठी शिकवून आता निवृत्त झालो आहे. त्यामुळे हे पत्र आपल्या वार्ताहरावर रागावून लिहिलेले नाही; त्याने जी माहिती दिली ती बरोबरच होती. तक्रार आहे ती एका शब्दाच्या वापराविषयी, आणि तो शब्द राज्य करण्याच्या व्यवहारातला असल्यामुळे तो सैल पडला की त्याच्याबरोबर आणखीही काही सैल पडते, असे मला वाटते.

‘अंमल’ हा शब्द आज सर्वांत काटेकोरपणे कोण वापरत असेल, तर ते आम्ही भाषाशिक्षक नव्हे आणि क्षमा करा, वृत्तपत्रेही नव्हेत. तो वापरतात महसुली दप्तरातली माणसे. आपण जमीन विकत घेतली आणि खरेदीखत नोंदवले, की त्याची खबर तलाठ्याकडे जाते. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असते, गाव अजून तलाठी अप्पाच म्हणते.) तो गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरतो, संबंधितांना नोटीस काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस वाट पाहतो आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. एवढे सगळे झाले तरी दप्तरातला जाणता माणूस ‘अंमल झाला’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘नोंद मंजूर आहे, सातबाऱ्यावर अंमल द्यायचा बाकी आहे.’ जुने नाव कंसात जाऊन नवे नाव सातबाऱ्यावर प्रत्यक्ष उमटले, की मगच अंमल दिला गेला. मोजणी खात्याकडून आलेल्या, क्षेत्रातला फरक दाखवणाऱ्या कमी-जास्त पत्रकाचाही असाच ‘अंमल घेतला’ किंवा ‘अंमल दिला’ जातो. कागद आला, कागद मंजूर झाला आणि कागदाप्रमाणे घडले, या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि अंमल हा फक्त तिसरीचा मान आहे, हे ज्या कारकुनाची आपण सगळे जण हसून टिंगल करतो त्याने मराठीसाठी जपून ठेवले आहे.

हा फरक मला शब्दकोशातून कळला नाही, बांधावर कळला. आमची थोडी शेती तापीच्या बाजूला आहे. तिच्याकडे जाणारी वहिवाटीची गाडीवाट एके वर्षी नांगरून टाकली गेली आणि तिच्या तोंडाशी काटेरी फांद्यांची झाप पडली. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ या कायद्याचे पाचवे कलम अशा अडवलेल्या रस्त्यासाठी आहे, हे आमच्याकडे शाळेची पायरी न चढलेल्या शेतकऱ्यालाही माहीत असते. ‘मामलेदार कोर्टात पाच कलमाखाली टाक’ असा सल्ला चहाच्या टपरीवर फुकट मिळतो. आम्हीही दावा टाकला. स्थळपाहणी झाली, पंचनामा झाला, नोटिसा तामील झाल्या आणि आदेश आमच्या बाजूने लागला. त्या दिवशी घरात पेढे वाटले गेले आणि एका वर्तमानपत्राने (ते आपले नव्हते) ‘शेतरस्ता खुला’ असा मथळा दिला. त्यानंतरचे दोन हंगाम आम्ही कपाशीची गाठोडी डोक्यावरून वाहिली. आदेशाची प्रत घेऊन मी कितीदा हेलपाटे घातले ते सांगत बसत नाही. प्रत्येक वेळी ‘आदेश झालेला आहे ना, मग आता काय राहिले?’ असे उत्तर मिळे. जे राहिले होते त्याचे नाव अंमल होते. आमचा सालदार मात्र पहिल्याच आठवड्यात अहिराणीत बोलून गेला होता, ‘मास्तर, हुकूम उना, अंमल नही उना.’ (हुकूम आला, अंमल आला नाही.) व्याकरणाच्या तासाला मी इतके नेमके वाक्य कधी दिले नसेल.

हा शब्द मुळात अरबी आहे आणि फारसी दप्तरांच्या वाटेने तो मराठीत आला. अरबीत त्याचा अर्थ राज्य असा नाही, सत्ता असाही नाही. कृती, करणे, काम, एवढाच त्याचा साधा अर्थ आहे. त्याच धातूपासून निघालेली भावंडे मराठीत इतकी रुळली आहेत की ती एका घरची आहेत हेही आपण विसरलो. मामला त्यांपैकीच, आणि मामल्यावर नेमलेला तो मामलेदार किंवा मामलतदार. नोटिशीची जी तामील होते ती याच धातूची. नेहमी केले जाते म्हणून जे रूढ झाले ते मामूल, आणि रूढ म्हणजे विशेष काही नाही म्हणून मामुली. हिंदीतला इस्तेमालही याच कुळातला. करणे या एका क्रियेतून कचेरी, अधिकारी, नोटीस, रूढी आणि क्षुल्लकपणा असे सगळे निघावे, यात राज्यकारभाराचे बऱ्यापैकी संपूर्ण चित्र आहे, असे मला वर्गात सांगताना नेहमी वाटे, आणि मागच्या बाकावरची मुलेसुद्धा तेव्हा हसत. आमच्या गावी १९५२ साली जे साहित्य संमेलन भरले होते त्याचे अध्यक्ष कृ. पां. कुलकर्णी हे मराठी व्युत्पत्तीचे कोशकार होते. त्यानंतर बहात्तर वर्षांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत, संमेलन पुन्हा अमळनेरला आले. तेव्हा मांडवातल्या पुस्तकांच्या गाळ्यांपुढे उभा राहून मी एका तरुण पत्रकाराला हीच भावंडांची गोष्ट सांगितली होती. त्याने ती वहीत टिपूनही घेतली. अंमल मात्र झाला नाही.

करण्याच्या अर्थाचा शब्द राज्य करण्याच्या अर्थाला कसा पोहोचला, हे खानदेशाच्या माणसाला समजावून सांगावे लागू नये, इतके अंमल या मुलखाने पाहिले आहेत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस थाळनेरला फारुकी घराण्याचे बस्तान बसले आणि पुढे बऱ्हाणपूर ही त्यांची राजधानी झाली. १६०१ मध्ये अशीरगड अकबराच्या हाती पडला आणि त्याने आपल्या दानियाल या मुलाच्या नावावरून या सुभ्याचे नाव ‘दानदेश’ असे ठेवले. दफ्तरांत ते नाव काही काळ चालले. पण बाजारात, वाटेवर आणि जात्यावर लोक खानदेशच म्हणत राहिले आणि आजही म्हणतात. त्या काळी हिंदुस्थानात ज्याच्या शब्दाला सर्वांत जास्त वजन होते त्या बादशहाचा हुकूम निघाला होता, शिक्क्यानिशी निघाला होता, आणि तरी त्याचा अंमल झाला नाही. आदेश आणि अंमल यांतल्या अंतराचे याहून मोठे उदाहरण आमच्या जिल्ह्याबाहेर शोधण्याची मला गरज वाटत नाही.

मराठ्यांच्या काळात तर एकाच गावावर दोन अंमल असण्याची पाळी आली. १७१९ च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांतली चौथाई आणि सरदेशमुखी शाहू महाराजांकडे आली आणि त्या सहांत खानदेश होता. चौथाई पंचवीस टक्के आणि सरदेशमुखी दहा टक्के; उरलेला वसूल मोगलाकडे, पुढे निजामाकडे. म्हणजे मालक एक आणि वसुलीला येणारे दोघे. या स्थितीला मराठीने ‘दुअमली’ असा शब्द दिला. हा शब्द आता कोशातच उरला आहे, पण एकाच खड्ड्यासाठी नगरपालिका आणि बांधकाम खाते जेव्हा एकमेकांकडे बोट दाखवतात, तेव्हा तो मला हमखास आठवतो.

इंग्रजांच्या बाबतीत ‘अंमल बसणे’ हा वाक्प्रचार किती अचूक आहे ते पाहा. फेब्रुवारी १८१८ मध्ये पेशव्यांची सत्ता संपल्याचा एल्फिन्स्टनचा जाहीरनामा साताऱ्यात निघाला. त्याच महिन्यात सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने थाळनेरचा किल्ला घेतला आणि तिथल्या किल्लेदाराला फाशी दिले. मालेगावच्या किल्ल्यातले अरब जूनपर्यंत झुंजत राहिले. इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत खानदेश ‘इंग्रजांच्या ताब्यात गेला’. पण सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या कुशीतले भिल्ल नायक तो ताबा मानायला तयार नव्हते, आणि १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याला धरणगावी भिल्ल पलटण उभारावी लागली ती त्यामुळेच. पुढे १८५७ मध्ये खाजा नाईकांनी सेंधव्याच्या घाटात तो अंमल पुन्हा झुगारून दिला. ताबा एका दिवसात मिळतो, अंमल बसायला वर्षे लागतात, आणि बसलेला अंमल उठूही शकतो. ‘बसणे’ हे क्रियापद ज्याने या शब्दाला प्रथम जोडले त्याने धूळ खाली बसताना किंवा रंग कापडावर बसताना नीट पाहिलेली असावी.

जुन्या पत्रांतल्या फारसी शब्दांची मोजदाद करून शिवकाळानंतर त्यांचे प्रमाण कसे उतरत गेले हे दाखवणारे इतिहासाचार्य राजवाडे शेवटी आमच्या धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे १९२७ पासून उभे आहे. कितीतरी फारसी शब्द मावळले. पण अंमल टिकला. ‘शासन’ हा संस्कृत शब्द समोर उभा असूनही टिकला. कारण शासन शब्दात आज्ञा आहे, शिक्षाही आहे (‘दोषींना कठोर शासन व्हावे’ असे आपण अग्रलेखात लिहिताच), पण ती आज्ञा पुढे पार पडली की नाही याची हमी त्या शब्दात नाही. ती अंमल या शब्दात होती.

आता या शब्दाच्या दुसऱ्या जन्माकडे येतो, ज्याचे नाव काढले की वर्गात खसखस पिके. ‘दारूचा अंमल’. काम, कृती, कृतीचा परिणाम, औषधाचा किंवा मादक पदार्थाचा शरीरावर होणारा परिणाम, आणि मग सरळ नशाच, असा त्याचा प्रवास आहे. राजस्थान आणि माळव्याकडे तर अफूलाच ‘अमल’ म्हणतात. आपल्याकडे त्यावरून ‘अमली पदार्थ’ हा शब्द झाला आणि पोलिसांच्या पथकाच्या नावापर्यंत पोहोचला. महामार्गावरच्या फलकांवर ‘दारूच्या अमलाखाली वाहन चालवू नका’ असे लिहिलेले असते आणि मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाने तो अंमल मोजण्याचे मापही ठरवून दिले आहे : शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क. सत्तेच्या अमलासाठी असे काही माप निघाले असते तर बरे झाले असते, पण तो विषय वेगळा. गंमत अशी की असा वाहनचालक पकडला गेला की त्याला ज्याच्यापुढे उभे करतात तोही ठाणे अंमलदार. एक अमलाखाली आलेला आणि दुसरा अमलावर बसलेला. दोघांमध्ये फक्त एक टेबल. दारूबंदीच्या काळातल्या बातम्यांत तर ‘अमलात असलेले गाव’ म्हटल्यावर ते कायद्याच्या अमलात आहे की कायद्याने बंद केलेल्या वस्तूच्या, हे वाचकाला पुढच्या ओळीवरूनच ठरवावे लागत असेल.

नशेचा हा अर्थ हलका आहे, त्यामुळे राज्यकारभाराच्या गंभीर शब्दाला डाग लागतो, असे मला एकदा एका सहकाऱ्याने ऐकवले होते. मला ते अजिबात पटले नाही. उलट शब्दाचा मूळ कणा याच अर्थात अधिक सरळ राहिला आहे. नशेच्या बाबतीत मराठी माणूस कधीही घोटाळा करत नाही. बाटली दुकानातून घरी आली म्हणजे अंमल चढला असे कोणी म्हणत नाही. बूच काढले म्हणजेही नाही. ती पोटात जाऊन डोक्यात पोहोचली आणि पाय लडखडले, तरच अंमल. मग आदेश मंत्रालयातून कचेरीत आला आणि लिफाफा फोडला गेला, एवढ्यावर ‘अंमल’ असे कसे म्हणता येईल?

बाकीच्या वापरातही हीच गोष्ट दिसते. वैशाखात आमच्याकडे ‘उन्हाचा अंमल उतरल्याशिवाय घराबाहेर पडू नका’ असे म्हातारी माणसे सांगतात. पंचांगात उन्हाळा कधी सुरू झाला याच्याशी त्या अमलाचा संबंध नसतो, डांबर पायाला चिकटते की नाही याच्याशी असतो. झोपेचा अंमल असतो, तापाच्या गुंगीचा असतो, भुलीच्या औषधाचा असतो. ज्योतिषी शनीचा अंमल साडेसात वर्षे सांगतो, आणि शनी मानणारा माणूस तो अंमल आपल्या खिशावरून आणि गुडघ्यावरूनच ओळखतो. घरात कोणाचा अंमल चालतो हे शिधापत्रिकेवरच्या कुटुंबप्रमुखाच्या नावावरून कळत नाही, स्वयंपाकघरात आज भाजी कोणती करायची हे कोण ठरवते त्यावरून कळते. माझे आजोबा घड्याळाच्या बाबतीतही हा शब्द वापरत : ‘चारच्या अमलास निघालो’, म्हणजे साधारण चारच्या सुमारास. वेळेचाही त्या त्या घटकेपुरता अंमल असतो आणि आपण त्याखाली वावरतो, ही कल्पना मला फार आवडते. पण बसच्या वेळापत्रकात तो वापरू नये हे मान्य.

इथे लेखनाचा एक बारीक मुद्दा सांगितला नाही तर माझ्यातला शिक्षक मला झोपू देणार नाही. आपल्या त्याच बातमीत एकदा ‘अंमलात’, एकदा ‘अमलात’ आणि एकदा चक्क ‘अमंलात’ असे छापले गेले आहे. मराठी लेखनाच्या नियमांप्रमाणे किंमत, गंमत, हिंमत, अंमल अशा तीन अक्षरी शब्दांत मधल्या ‘म’च्या आधी जो अनुस्वार असतो तो सामान्यरूपात जातो. म्हणून किंमत पण किमतीला, गंमत पण गमतीने, आणि अंमल पण अमलात, अमलाचा, अमलाखाली. विभक्तीचा प्रत्यय लागला की अमलाच्या डोक्यावरचा टिळा पुसला जातो, असे मी मुलांना सांगे आणि ते त्यांच्या लक्षात राही. मात्र एवढे जपावे की अनुस्वार नसलेला एक ‘अमल’ संस्कृतातही आहे. अ-मल, म्हणजे ज्याला मळ नाही तो, निर्मळ. मुलांची नावे ठेवतात ती त्यावरून. सत्तेचा अंमल आणि हा अमल यांचे नाते नाही, आणि ते असल्याचा दावा आजवर कोणत्याही राजाच्या भाटानेही केलेला माझ्या वाचनात नाही.

आता कोणी म्हणेल की कायद्याच्या भाषेतच ‘हा अधिनियम अमुक दिनांकास अमलात येईल’ असे लिहिलेले असते. मग वार्ताहराने तसेच लिहिले तर त्याचा काय दोष? आक्षेप रास्त आहे. कायद्यात ‘अमलात येणे’ म्हणजे त्या दिवसापासून तो बंधनकारक होणे. आपले संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारले गेले, नागरिकत्वासारखी काही मोजकी कलमे त्याच दिवशी अमलात आली आणि उरलेले संविधान २६ जानेवारी १९५० रोजी. माहितीच्या अधिकाराचा कायदा जून २००५ मध्ये मंजुरी मिळूनही पूर्णपणे अमलात आला तो १२ ऑक्टोबर २००५ रोजी. म्हणजे कायद्यानेसुद्धा ‘झाला’ आणि ‘अमलात आला’ यांत फट ठेवली आहे, हे आधी लक्षात घ्यावे. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा हातात पडला तरी त्याच्या अंमलबजावणीसाठी वेगळी दरखास्त करावी लागते आणि त्यासाठी मुदतीच्या कायद्याने बारा वर्षे दिली आहेत. हुकूम आणि अंमल ही एकच गोष्ट असती तर ही बारा वर्षे कशाला लागली असती?

तरीही मी असे सुचवीन की कायद्याच्या या तांत्रिक अर्थासाठी वृत्तपत्राने ‘लागू झाला’ असे लिहावे आणि ‘अंमल’ हा शब्द प्रत्यक्ष घडण्यासाठी राखून ठेवावा. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या ग्रामसभेत बसलेल्या माणसासाठी हा केवळ शब्दांचा खेळ नाही. अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींविषयीचा पेसा कायदा संसदेने १९९६ मध्ये केला. महाराष्ट्राने त्याचे नियम केले २०१४ मध्ये. मधली अठरा वर्षे तो कायदा ‘लागू’ होता. त्या अठरा वर्षांतली एखादी बातमी ‘पेसाचा अंमल’ अशा मथळ्याची असेल, तर ती वाचून त्या ग्रामसभेने काय समजायचे होते? आणि नियम आल्यावरही कोणत्या गावात गौण वनोपजाचा निर्णय ग्रामसभेने घेतला आणि कोणत्या गावात घेतला नाही, हे गावागणिक विचारावे लागते. ते विचारण्यासाठी वार्ताहराच्या हाती एक धारदार शब्द हवा, आणि तो आपल्याकडे आधीच आहे.

शब्द बोथट कसा होतो याचे उत्तर ‘अंमलबजावणी’ या लांबलचक शब्दात सापडते. अंमल म्हणजे करणे. बजावणी म्हणजे पार पाडणे. हक्क बजावला, कर्तव्य बजावले, असे आपण म्हणतोच. दोन्ही जोडून जो शब्द झाला त्याच्यापुढे पुन्हा ‘करणे’ हे क्रियापद येते, म्हणजे एकच गोष्ट तीनदा सांगून झाली. पण तेवढ्यानेही पोट भरत नाही, म्हणून आपण लिहितो, ‘अंमलबजावणी करण्यात येणार असल्याचे सांगण्यात आले.’ या वाक्यात करण्याच्या अर्थाचे तीन शब्द आहेत आणि करणारा एकही नाही. मला वाटते, कृतीची जितकी उणीव असते तितके तिचे शब्द लांबत जातात. आर्थिक गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या त्या केंद्रीय खात्याला काही वृत्तपत्रे ‘अंमलबजावणी संचालनालय’ लिहितात आणि काही ‘सक्तवसुली संचालनालय’. एकाच खात्याच्या या दोन नावांतून वाचकाच्या मनात उभी राहणारी दोन चित्रे किती वेगळी आहेत ते आपणच पाहावे. लोक अर्थातच ‘ईडी’ म्हणून मोकळे होतात.

मथळ्याला जागा कमी असते, हे मला कळते. ‘अंमल’ हे तीन अक्षरी नाणे मथळ्यात टाकायला सोयीचे आहे, हेही कळते. पण ‘आदेश निघाला’, ‘आदेश लागू’ आणि ‘आदेशाचा अंमल’ या तिन्हींना जवळपास सारखीच जागा लागते. पहिला मथळा कचेरीतून लिहिता येतो, दुसरा राजपत्र पाहून, आणि तिसऱ्यासाठी मात्र बांधावर जावे लागते. आपल्या वार्ताहराने ज्या रस्त्यांची बातमी दिली ते रस्ते अमळनेर बसस्थानकापासून फार तर तासाभराच्या अंतरावर आहेत. पावसाळा संपून कापूस वेचणीला आला की त्याने तिकडे एक फेरी मारावी, शक्यतो भरलेल्या बैलगाडीवरून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून, आणि गाडी जिथवर जाईल तिथवरच ‘अंमल’ असे लिहावे. माझी चालायची तयारी आहे. तो आला तर वाट दाखवायला मी बरोबर येईन.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त मराठी शिक्षक, अमळनेर

ता. क. : शेवटून दुसऱ्या परिच्छेदानंतर मी आधी ‘संपादकांनी अंमळ थांबून विचार करावा’ असे लिहिले होते आणि मग खोडले. थोडेसे या अर्थाच्या ‘अंमळ’मध्ये ळ असतो. मागे एकदा माझ्या पत्रातल्या त्या ळचा ल होऊन ‘अंमल थांबवावा’ असे छापले गेले होते आणि आठवडाभर लोक मला विचारत होते की नक्की कोणाचा.